खालच्या फळीचे डबे

सोहार,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

दोस्त इरफान,

स्वरूपचा रामराम. तुझी चिठ्ठी हुसैनमियाँने कांद्याच्या गोणीत खुपसून खाली आणली. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. ते तुझ्या आठवणीने आलं असं समजू नकोस.

तुमच्या डोंगरातला टॉवर पावसात आडवा झाला तो अजून उभा करत नाहीत म्हणजे कमाल आहे. फोन लावला की ती बाई आधी अरबीत आणि मग इंग्रजीत मला नाही म्हणते. नववी नापास झालो तेव्हा वाटलं होतं, पेनाशी संबंध संपला. आता बघ, भाजीच्या पिकअपमधून पत्रं पाठवतोय. हुसैनमियाँ म्हणतो, "तुम दोनो का निकाह पढ़ा दूँ क्या?"

नव्या दुकानाचं विचारलंस. बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. बंदुकीचं सामान, तेल, पट्टे. लोक काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घेऊन येतात, आतल्या खोलीत एक कारीगर त्या परत भरतो आणि बाहेर काउंटरवर मी त्या विकतो. आत मला पाऊल टाकू देत नाहीत, ते बरंच आहे. आईला फोनवर सांगितलं, दारू भरायच्या दुकानात लागलो, तर ती जेवायचीच थांबली. म्हटलं, अगं बंदुकीची दारू! मग तर मोठ्याने रडायला लागली.

मालक, म्हणजे आमचा अर्बाब मुराद, मूळचा बलुची. हिंदी आपल्यापेक्षा बरं बोलतो. पहिल्याच दिवशी मला शिकवलं, "गाहक बोलता रहा तो दुकान रुक जाता है." गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी माझी उत्तरं ठरलेली. अच्छा माल. बाद में आना. आणि माफी मुश्किला. इथे ओमानात अरबीत माफी म्हणजे 'नाही' आणि मुश्किला म्हणजे अडचण, हे मला आलो तेव्हा ठाऊक नव्हतं. वाटायचं, ही माणसं उठता-बसता माफी मागतात, काय सज्जन देश आहे! आता मी दिवसभर तेच म्हणतो आणि माझी रांग सगळ्यात भरभर सरकते.

गेल्या गुरुवारी एक म्हातारा आला होता, तुला सांगायलाच हवं. मेंदी लावलेली दाढी, हातात काठी, आणि प्रश्न तर थांबतच नव्हते. नेमका मला सलालाहहून फोन, नव्या नोकरीचं ज्याच्याशी बोलतोय त्या बंदरावरच्या माणसाचा. हा समोरून "खाली, खाली" करतोय. आतून मुराद ओरडला, "बाबा को खाली वाला दे दे!" मी फोन खांद्यात धरून दिले खालचे डबे काढून. तर त्याने डबा हातात तोलला. "ये भारी क्यों?" म्हटलं, अच्छा माल. मग झाकण उघडून, "ये भी लाल, वो भी लाल. फरक क्या?" म्हटलं, माफी मुश्किला, बाबा. काहीतरी पुटपुटत गेला. मी मागून "यल्ला, नेक्स्ट!" म्हणालो तर रांगेतले दोघे-तिघे हसले.

सलालाहचं जवळजवळ जमलंय. तिथे पाऊस पडतो, नारळ आहेत, म्हणे गावी आल्यासारखं वाटतं. फक्त मुरादने सोडतो म्हणून सही द्यायला हवी. तोवर त्याच्या पुढे पुढे करतोय. इथे माझा जीव लागत नाही रे. एका जागी उभं राहिलं की पायांना मुंग्या येतात.

तुझ्या अर्बाबच्या बकऱ्यांना नमस्कार सांग.

तुझा,
स्वरूप


वरचं गाव,
बुधवार, १२ नोव्हेंबर

स्वरूप,

सलाम नंतर. आधी शिव्या घे.

अरे मेल्या, तो मेंदीच्या दाढीचा म्हातारा म्हणजे माझा अर्बाब! हमूदबाबा. मी त्यांचीच गाडी चालवतो. त्या दिवशी मी गॅरेजला गाडी लावली होती म्हणून ते एकटे तुझ्या दुकानात आले. वर येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, दात दुखतोय.

रात्री जेवताना सगळ्या पुरुषांसमोर त्यांनी तुझी नक्कल केली. मान वाकडी, खांद्यात फोन, आणि "माफी मुश्किला, माफी मुश्किला, यल्ला नेक्स्ट." सगळे लोळून हसले. मीही हसलो. मग ते म्हणाले, कुरळ्या केसांचा हिंदी पोरगा, गालावर तीळ. माझा घास तिथेच अडकला. हा माझा दोस्त आहे असं मी सांगितलं नाही. तुझी शपथ, लाज वाटली. बाबा म्हणाले, आमच्या बापाच्या वेळी दुकानात माणूस शिरला की आधी कहवा द्यायचे, घरचं बरं आहे का विचारायचे, मग काय हवं ते. आता दुकानात माणूस नसतो, फक्त हात असतो. माल देणारा हात.

आता ऐक, ती काडतुसं कशाला होती. बाबांची नात उमामा. तिचं लग्न आहे शुक्रवारी, एकवीस तारखेला. नवरी घरातून निघाली की अंगणात पुरुष ओळीने उभे राहून बंदुकीचे बार काढतात, ही इथली रीत. आधी खरी काडतुसं आभाळात मारायचे. मागे कुणाच्या तरी लग्नात एकाचा हात हलला आणि शेजारच्याची गाय गेली. तेव्हापासून बाबांनी कायदा केला, लग्नात फक्त खाली. खाली म्हणजे रिकामी रे, आत छर्रे नाहीत, नुसता आवाज आणि धूर. तुझ्याकडून तीच तर आणली.

खाली असल्यामुळे या वेळी बायका-पोरांना समोरच्या गच्चीवर बसायला परवानगी मिळाली आहे. आभाळात बार मारला तर ती सलामी कसली? तेव्हा बंदुका गच्चीकडे धरूनच बार काढायचे ठरलंय, म्हणजे नवरीला आणि तिच्या आईला मान. पोरं आत्तापासून जागा धरून भांडतायत. आणि गंमत म्हणजे एक दुनळी मलाही देणार आहेत. बाबा म्हणाले, तूही घरचाच.

तेव्हा पुढच्या वेळी म्हाताऱ्या माणसाशी नीट बोल. फोन खिशात ठेव. सलालाह कुठे पळून जात नाही.

इरफान


सोहार,
गुरुवार, १३ नोव्हेंबर

इरफान,

पत्र मिळालं. हसलो. म्हणजे नकलेचं वाचून हसलो. बाबांना माझा सलाम सांग. किंवा नको सांगू.

एक बारीकशी गोष्ट होती. ते डबे जमलं तर बदलून घे. पॅकिंगमध्ये थोडं मागेपुढे झालंय, बाकी माल चांगलाच आहे. रविवारी हुसैनमियाँ वर येईल त्याच्याकडे दे, मी दुसरे पाठवतो. घाई नाही, पण लग्नाच्या आधी झालं तर बरं. मी म्हटलं म्हणून बाबांना सांगू नकोस. दुकानाची अशी स्कीम आहे म्हण.

डबे कुणी उघडले नाहीत ना? नको उघडू.

आणि तू कशाला बंदूक घेतोस? तुला गावी बेचकी धरता येत नव्हती. नाही म्हण. गच्ची अंगणापासून किती लांब आहे? असंच विचारतोय.

आमच्या दुकानात वरच्या फळीवर आवाजवाला माल असतो आणि खालच्या फळीवर छर्रेवाला, जड असतो म्हणून. मी आवाजवाल्याला आवाजवालाच म्हणतो, मला कुणी दुसरा शब्द सांगितला नव्हता. आवाजवाल्यावर पांढरी चकती लावतात आणि छर्रेवाल्यावर लाल. पण पांढऱ्या चकत्या मागेच संपल्यात, मुराद म्हणतो पुढच्या महिन्यात येतील, तोवर सगळ्यांना लाल. हेही असंच सांगतोय.

मुरादची सही या आठवड्यात होईल असं वाटतं. त्याचा मूड सांभाळून आहे.

माफी मुश्किला. पण डबे पाठव.

स्वरूप

ता. क. आज रविवार. हुसैनमियाँ निघतोय. पत्र परत उघडून वाचलं. ठीक आहे तसंच देतो. डबे नक्की पाठव.


वरचं गाव,
बुधवार, १९ नोव्हेंबर

स्वरूप,

तुझं पत्र म्हणजे आंधळ्याने काढलेलं चित्र. वर-खाली, लाल-पांढरं, स्कीम! मला काय शेंडी लावतोस? तुझ्या मुरादला चांगला माल परत घेऊन जुना खपवायचा असेल, एवढं मला कळलं.

तरी तू लिहिलंस म्हणून बाबांकडे गेलो. म्हटलं, दुकानवाले डबे बदलून देतायत. ते नमाजाहून आले होते. म्हणाले, "का? त्यात काय वाईट आहे?" मी म्हटलं, काही नाही, पॅकिंग. ते म्हणाले, "मी त्या पोराला तीनदा विचारलं होतं. तेव्हा त्याने सांगायचं होतं. आता त्या दुकानातून आलेलं परत जाणार नाही आणि मीही तिथे जाणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इरफान, तू सांग. ठीक आहे ना?"

आणि मी काय म्हणालो ठाऊक आहे? माफी मुश्किला, बाबा. तू घाई नाही असं लिहिलंस त्या भरवशावर.

अंगणात मांडव पडलाय. कुलसुम म्हणून उमामाची मावशी आहे, तिने गच्चीवर गालिचे टाकून घेतलेत, सगळ्यात पुढे धाकट्या मुलींची जागा. गच्ची किती लांब विचारलंस. अंगणातून हाक मारली की तिथून ओ देतात, एवढी. का रे?

काल झोप नाही आली. तुझं पत्र परत काढलं. तू 'असंच' हा शब्द दोनदा लिहिलायस. तुला मी कधीपासून ओळखतो? शाळेत काही लपवलंस आणि मास्तरांनी हात पुढे कर म्हटलं की तू 'असंच' म्हणायचास.

म्हणून एक विचारतो. त्या डब्यांत काय आहे?

पण तुझं उत्तर यायचं कसं? हुसैनमियाँ आज खाली उतरला की थेट रविवारी वर येणार, आणि लग्न शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर. बघ काही करता येतं का.

इरफान


[घडीच्या बाहेरच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत]

माफी खाली
माफी खाली
इरफान ड्रायवर, हमूदबाबाका घर

[आत]

सोहार, टँकर भरतात तिथून
गुरुवार, २० नोव्हेंबर

इरफान,

छर्रे आहेत. सगळ्या डब्यांत. एकही खाली नाही.

बाबांनी खाली मागितली, मुराद खाली म्हणाला, आणि मी मराठीत ऐकलं. खाली म्हणजे खालची फळी. फोनवर होतो, सलालाहचं बोलणं चाललं होतं, डोकं तिकडे. वाकलो आणि खालचे डबे काढून दिले. बाबांनी भारी का विचारलं तेव्हा तरी बघायला हवं होतं. नाही बघितलं.

तुझं बारा तारखेचं पत्र वाचलं त्याच क्षणी मला कळलं होतं. तुला खरं लिहिलं असतं तर तू बाबांना सांगितलं असतंस, बाबांनी मुरादला, आणि माझी सही गेली असती. म्हणून पॅकिंग लिहिलं. म्हणून घाई नाही लिहिलं. मला वाटलं, डबे गुपचूप परत येतील आणि कुणाला काही कळणार नाही.

आज सकाळी मुरादला सगळं सांगितलं. तो पांढरा पडला. बाबांच्या पोरांचे सगळे नंबर लावले. एकही लागत नाही, सगळे लग्नाला वर गेलेत, तिथे रेंज नाही. म्हटलं, अर्बाब, गाडी काढा, आत्ता निघू. तो खुर्चीत बसला. म्हणाला, मी स्वतः गेलो तर दुकान बंद होईल, लायसन जाईल. म्हणाला, "बूढ़ा पुराना शिकारी है, हाथ में लेते ही समझ जाएगा." म्हटलं, हातात घेतलं होतं, समजलं होतं, म्हणून तर विचारत होते! तर मला म्हणतो काय, "बैठ. चुप रह. माफी मुश्किला." 

इरफान, तो शब्द त्याच्या तोंडून ऐकला आणि मी काउंटर सोडला.

दुकानातून तसाच निघून आलो. इथे अरमान म्हणून यूपीचा पोरगा पाण्याचा टँकर चालवतो. उद्या सकाळी तो लग्नाचं पाणी घेऊन तुमच्याकडे येणार आहे. मला बसव म्हणून हातापाया पडलो. म्हणतो, दुसरा माणूस केबिनमध्ये दिसला तर कंपनी काढून टाकेल. पत्र मात्र नेतो म्हणाला. अरमानला मराठी येत नाही, पण हिंदी वाचता येतं, अक्षरं तीच. मला अरबी लिहिता येत नाही. म्हणून बाहेर अरबी बोल आपल्या अक्षरांत लिहिलाय, अरबीतही खाली म्हणजे रिकामंच. तू घरी नसलास तर त्याने बाबांसमोर नुसता वाचून दाखवला तरी पुरे. त्याला मी समजावलं आहे, पण तो सारखा हो हो करतो, मला त्याचा भरवसा वाटत नाही. मीही असाच हो हो करायचो.

तू घरी असशील तर हे कर. एकही काडतूस बंदुकीत जाऊ देऊ नकोस. गेलं असेल तर बंदुका जमिनीवर ठेवायला सांग आणि गच्ची आधी रिकामी कर, बाकी बोलणं नंतर. माझं नाव घे. माझ्यामुळे म्हण.

मी मागून निघतोय. जी गाडी थांबेल तिने.

स्वरूप


वरचं गाव,
शनिवार, २२ नोव्हेंबर

स्वरूप,

सगळे जिवंत आहेत. हे आधी लिहितो, कारण आज वर आलेल्या एका पिकअपवाल्याने सांगितलं की तू घाटाच्या तोंडाशी पंपावर बसून होतास आणि वरून उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होतास.

मी घरी नव्हतो. नवरदेवाकडची काही माणसं शेजारच्या गावात अडकली होती, त्यांना आणायला मला पाठवलं होतं. त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही. अरमानने, कुलसुमने आणि स्वतः बाबांनी सांगितलं ते जुळवून लिहितोय.

तुझा अरमान नमाजानंतर पोचला. वाटेत टायर बसला होता. अंगणात पुरुष ओळीने उभे, बंदुका भरलेल्या. गच्ची माणसांनी गच्च. उमामा दारात आली होती, डोक्यावरून हिरवी ओढणी. बाबांनी काठी वर केली होती. काठी खाली आली की बार.

अरमान गेटपाशी टँकर लावून मला शोधत होता. इरफान कुठे, इरफान कुठे. कुणी लक्ष देईना. मग कोपऱ्यात उभ्या बंगाली पोरांना त्याने तुझा कागद दाखवला आणि हसत म्हणाला, "देखो, क्या लिखा है! माफी खाली! मतलब सूखी माफी, साथ में मिठाई भी नहीं!" आणि परत एकदा जोरात, नौटंकीत बोलतात तसं, "माफीऽ खालीऽ!"

तू त्याला समजावलं होतंस ते सगळं तो घाटात विसरला होता. पण वाचलं त्याने बरोबर.

बाबांची काठी वरच राहिली. त्यांनी मान वळवली. म्हणाले, "काय म्हणालास? परत बोल." अरमानला वाटलं, आता मार बसणार. घाबरून हळू म्हणाला, "माफी खाली."

बाबांच्या कानात ते अरबीच शिरलं. रिकामं नाही.

ते ओरडले म्हणे असं की मांडवाचा कपडा हलला. "बंदुका जमिनीला!" कुणाला काही कळेना, पण त्यांचा आवाज असा की सगळ्यांनी नळ्या खाली केल्या. त्यांचा एक पुतण्या ओळीच्या टोकाला होता, त्याचं बोट घोड्यावरच होतं. खाली करताना त्याचा बार उडाला. अंगणाच्या कडेला प्लास्टिकची पाण्याची टाकी असते ना, तिला. टाकीला चाळणीसारखी भोकं पडली आणि चहूकडून पाण्याच्या धारा सुटल्या. आधी पोरं टाळ्या वाजवायला लागली, त्यांना वाटलं लग्नातली गंमत. मग कुलसुम किंचाळली.

मी गाडी घेऊन आलो तेव्हा अंगणात चिखल झाला होता आणि बंदुका भिंतीला टेकवून ठेवलेल्या. अरमान टँकरच्या चाकाला टेकून बसला होता. तो टाकीपासून फार लांब नव्हता. बाबांनी मला बोलावलं आणि तुझा कागद माझ्या हातात दिला. "वाच."

मी सगळं वाचलं. तू जसं लिहिलंस तसं, अरबीत सांगितलं. पॅकिंगचंही, सहीचंही. काही गाळलं नाही. माझी स्वतःची माफी मुश्किलाही सांगितली. बाबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "हा तुझा दोस्त? त्या दिवशी मी नक्कल केली तेव्हा तू हसलास." मी म्हटलं, हो. 

स्वरूप, त्या ओळीत चौथा मी असणार होतो. ती माणसं वेळेवर आली असती तर एक दुनळी माझ्या हातात असती, आणि समोर धाकट्या मुली. रात्री डोळे मिटले की मला गालिचा दिसतो. हे मी तुला लिहितोय कारण तुलाही दिसायला हवा.

लग्न लागलं. बार न काढता. बायकांनी गाणी म्हटली तेवढीच.

तू खरं लिहिलंस, उशिरा का होईना. पण घाई नाही असं लिहिणाराही तूच. ते मी विसरेन तेव्हा विसरेन.

एक विचारायचं होतं. बाहेर 'माफी' लिहिलंस ती नुसती अरबी होती का? बाबांनी मला विचारलं, तुमच्या भाषेत या शब्दाचा अर्थ काय. मी सांगितला. त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि मला परत दिला.

येत्या गुरुवारी ते सोहारला उतरणार आहेत. तुझ्या दुकानात. गाडी मीच चालवणार, पण मला बाहेर थांबायला सांगितलंय. पळू नकोस.

इरफान


सोहार,
शुक्रवार, २८ नोव्हेंबर

इरफान,

काल तू काचेतून बघत होतास, पण आतलं बोलणं तुला ऐकू आलं नसणार. गाडी सुरू करून गेलास तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाहीस. म्हणून लिहितो.

पासपोर्ट मुरादकडेच, म्हणून घाटातून परत येऊन मी काउंटरवर उभा होतो. बाबा आत आले तसा मुराद उठून हात पुढे करत आला, अहलन, अहलन. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्या रांगेत उभे राहिले. पुढे चौघे होते. मी म्हटलं, बाबा, आप आगे आओ. त्यांनी मान हलवली आणि काठी टेकून उभेच राहिले. त्या चौघांना मी काय विकलं मला आठवत नाही.

नंबर आला. त्यांनी खिशातून एक काडतूस काढलं, त्याच डब्यातलं, आणि काउंटरवर उभं ठेवलं. अगदी पहिल्या दिवशीच्याच सुरात म्हणाले, "ये भारी क्यों?"

"इसमें छर्रा है, बाबा. खाली नहीं है."

"ये भी लाल, वो भी लाल. फरक क्या?"

"सफेद चकती खतम थी. मुझे बोलना था. मैंने नहीं बोला."

"मालूम था?"

"चकती का मालूम था. डब्बा गलत दिया, वो चिठ्ठी आने के बाद मालूम हुआ."

"फिर?"

"फिर भी नहीं बोला."

मागे रांग वाढत होती. कुणीतरी यल्ला म्हणालं. माझा फोन काउंटरखाली थरथरत होता, सलालाहचाच असणार. घेतला नाही. बाबा विचारतच राहिले. जुन्या पुंगळ्या किती वेळा भरतो, गंज आलेली बाजूला काढतो का, आत कोण बसतो, त्याला कुणी शिकवलं, पोरंबाळं आत येतात का. मला जे ठाऊक होतं ते सांगितलं. जे नव्हतं त्याला "मालूम नहीं" म्हटलं. इरफान, या दुकानात मी 'मालूम नहीं' पहिल्यांदा बोललो. मुराद दारात उभा राहून दात आवळत होता.

मग त्यांनी काही विकत मागितलं नाही, नुसते उभे राहिले. मला वाटलं, अजून काही विचारायचंय. तेव्हा तू लिहिलेलं आठवलं, आधी कहवा, मग घरचं. काउंटरच्या बाहेर आलो, स्टूल ठेवलं आणि मुरादच्या थर्मासमधून वाटीत कहवा ओतून दिला. थोडा बशीत सांडला. म्हटलं, बाबा, घर में सब ठीक? उमामा ठीक?

ते बसले. कहवा प्यायले. वाटी दोनदा हलवली, म्हणजे बास. उठताना काठी शोधली, ती मी दिली. दारापर्यंत गेले, मागे वळले आणि म्हणाले, "माफी मुश्किला."

एवढंच. हसले नाहीत. खांद्यावर हातही ठेवला नाही.

दिवसाला शंभरदा मी तो शब्द लोकांच्या तोंडावर फेकलाय. काल पहिल्यांदा कुणीतरी तो मला दिला. रांगेतल्या पुढच्या माणसाने काय मागितलं ते मला दोनदा विचारावं लागलं.

संध्याकाळी मुरादने पासपोर्ट काउंटरवर आपटला. खलास. सलालाहची सही नाही, नुसतं गावचं तिकीट. म्हणतो, गिऱ्हाइकांसमोर दुकानाची इज्जत काढलीस. मी दुकान सोडायच्या आधी जाडा पुठ्ठा कापून दोन पाट्या केल्या, वरच्या फळीसाठी 'खाली' आणि खालच्या फळीसाठी 'छर्रा', हिंदीत आणि कारीगराकडून अरबीतही लिहून घेतलं, आणि दोन्ही फळ्यांना ठोकल्या. तो बघत होता, पण काढल्या नाहीत. अजून तरी.

आईला सांगितलं, दारूचं दुकान सुटलं. तिने देवापुढे साखर ठेवली.

जायच्या आधी भेटशील की नाही ठाऊक नाही. नाही भेटलास तरी समजेन. तू विचारलं होतंस, त्या कागदावरची माफी कुठल्या भाषेतली. लिहिताना अरबीच होती, दुसरं काही सुचायला वेळ नव्हता. पण कागद अजून तुझ्याकडे असेल, तर आता तू मराठीत वाच.

स्वरूप